ज्वारीचे सत्कार पुरे, आता खरेदी करा

१ जानेवारी २०२३ ला दोन गोष्टी एकदमच सुरू झाल्या. भारताच्याच प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी जाहीर केलेले भरडधान्य वर्ष, आणि अन्नसुरक्षा कायद्याखाली मिळणारे फुकट धान्य. भरडधान्याचे फलक लागले, परिसंवाद झाले, पाककृतींच्या स्पर्धा रंगल्या. फुकट धान्य घराघरांत पोचले, आणि ते होते गहू-तांदूळ. सोलापूर, बीड, धाराशिवकडच्या ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या भाकरी थापली गेली, तिथे आता चपाती लाटली जाते. गहू फुकट येतो, ज्वारी विकत आणावी लागते, मग मजुरी करणाऱ्या बाईने दुसरे करायचे काय? फुकट धान्याबद्दल माझी तक्रार नाही. त्याच्यावर कितीतरी चुली पेटतात. तक्रार एवढीच की द्यायचेच आहे, तर त्या मातीत पिकते ते का देत नाही?

कायद्याची आडकाठी म्हणाल, तर ती नाही. २०१३ च्या कायद्यात तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये आणि भरडधान्य १ रुपया किलो असे भाव लिहिलेले होते. म्हणजे ज्वारी, बाजरी, नाचणी रेशनवर देण्याची वाट पहिल्या दिवसापासून मोकळी होती. कर्नाटकाने ती धरली. दक्षिणेकडच्या जिल्ह्यांत नाचणी आणि आपल्या सीमेलगतच्या उत्तर भागात ज्वारी रेशनवर दिली. ओडिशाने २०१७ पासून आदिवासी भागात नाचणी पिकवण्यापासून हमीभावाने विकत घेण्यापर्यंतची साखळी बांधली आणि अंगणवाडीतल्या मुलांच्या हातात नाचणीचे लाडू दिले. देशात सगळ्यात जास्त ज्वारी पिकवणारे राज्य मात्र आपले! इथे रेशनवर ज्वारी येते ती अधूनमधून, कधी या जिल्ह्यात तर कधी त्या.

आणि येते ती कशी? ज्वारी म्हणजे गहू नव्हे, की भरले गोदामात आणि काढले वर्षाने. जुन्या ज्वारीच्या पिठाला विरी राहत नाही. कितीही कढत पाणी घाला, कितीही मळा. गोळा परातीत थापायला घेतला की कडा तडकतात, तव्यावर टाकेपर्यंत भाकरीचे दोन तुकडे होतात. त्यात पावसात सापडून काळा पडलेला खरिपाचा दाणा आला, तर गिरणीवाल्यालाही कळते की हे दळण माणसांसाठी नाही. १९७२ च्या दुष्काळात अमेरिकेची लाल मिलो ज्वारी खाल्लेली माणसे अजून गावोगावी आहेत. सरकारी ज्वारीचे पोते दिसले की त्यांच्या कपाळावर आठ्या चढतात, आणि त्यात त्यांची काहीच चूक नाही. असे धान्य वाटायचे आणि मग ‘लोकांना ज्वारी नकोच आहे’ असा शेरा मारायचा, हा अन्याय आहे. मंगळवेढ्याची मालदांडी, जिला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ती रेशनवर देऊन पाहा. मग बोला.

उपाय अवघड नाही. ज्वारी ज्या जिल्ह्यात पिकते त्याच जिल्ह्यात विकत घ्यायची, आणि ताजी असतानाच तिथल्या रेशन दुकानांत वाटायची. दूरच्या गोदामांच्या वाऱ्या नकोत. पूर्वी केंद्राचीच अट होती की खरेदी केलेली ज्वारी तीन महिन्यांत वाटून संपवा. राज्यांना ते जमेना, म्हणून २०२१ च्या डिसेंबरात मुदत वाढवून दिली. अडचण समजते, पण भाकरीला मुदतवाढ लागत नाही, तिला लागतो ताजा दाणा.

आता शेतकऱ्याकडे या. रब्बीची ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरली की काळ्या रानातल्या ओलीवर आणि थंडीवर येते. तिला धरण लागत नाही, पाळीपाळीने सोडलेले कालव्याचे पाणी लागत नाही. माणसाला दाणा, जनावराला कडबा. दुष्काळी तालुक्यांत कडब्याची पेंढी हाच दावणीचा आधार असतो. एवढी गुणाची असूनही ती रानातून हटत चालली आहे. १९८० च्या सुमारास राज्यात साठ लाख हेक्टरांहून जास्त रान ज्वारीखाली होते. आज त्याचा तिसरा हिस्साही उरलेला नाही. काढणीला माणूस मिळत नाही. ताटे हाताने उपटायची, पेंढ्या बांधायच्या, कणसे खुडायची, मळणी करायची. फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात हे काम करणाऱ्या बायकांच्या तळहातांना चिरा पडतात. आणि एवढे करून माल घरात आला की भाव कोण देणार, याची खात्री नाही.

कागदावर हमीभाव आहे. २०२५-२६ साठी मालदांडीचा ३,७४९ रुपये क्विंटल. मालदांडी रब्बीचे पीक, पण तिचा भाव खरिपाच्या यादीत जाहीर होतो. दिल्लीत या पिकाकडे किती लक्ष आहे ते यावरून कळावे. भाव चांगला असेल त्या वर्षी व्यापारी जास्त देतो आणि सरकारी खरेदी केंद्राची गरज पडत नाही. भाव पडतो त्या वर्षी मात्र केंद्र हवे असते ते मार्चमध्ये, मुलीच्या लग्नाआधी, सोसायटीचे कर्ज फेडण्याआधी. ऑनलाइन नोंदणी, बारदाना आणि मंजुरी यांत उन्हाळा सरला, तर गरजू शेतकऱ्याचा माल केव्हाच अडतीवर गेलेला असतो.

शेजारच्या बांधावरचा ऊस पाहा. त्याचा दर ठरलेला, कारखान्याने चौदा दिवसांत पैसे द्यावेत हा नियम १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशातला. नियम मोडला तर मोर्चे निघतात, विधानसभेत आवाज उठतो. राज्याच्या पिकांखालच्या क्षेत्रात उसाचा वाटा चार-पाच टक्क्यांचा, आणि सिंचनाच्या पाण्यात तो निम्म्याहून जास्त हिस्सा घेतो. सोलापूरसारख्या कमी पावसाच्या जिल्ह्यात तीसच्या वर साखर कारखाने उभे राहिले. शेतकऱ्याने ऊस लावला तो मूर्खपणाने नव्हे. जिथे खरेदीची खात्री आहे तिकडे तो गेला. ज्वारीला अशी खात्री द्या, मग ‘शेतकरी भरडधान्याकडे वळत नाही’ म्हणण्याची वेळ येणार नाही.

सगळ्यात जास्त खटकते ती शाळा. ज्वारीच्या पट्ट्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतही पोषण आहार म्हणजे प्रामुख्याने तांदूळच: पहिली ते पाचवीला माणशी १०० ग्रॅम, सहावी ते आठवीला १५०. खिडकीतून ज्वारीचे रान दिसते आणि ताटात परराज्यातल्या तांदळाची खिचडी. दोनशे भाकऱ्या थापणार कोण, हा प्रश्न खरा आहे. महिना अडीच हजार मानधनावर राबणाऱ्या स्वयंपाकी ताईंवर तो टाकू नका. पण ज्वारीच्या कण्या आहेत, आंबील आहे, लाह्या आहेत, नाचणीचे सत्त्व आहे. हे मोठ्या पातेल्यात सहज होते. आठवड्यातून दोन दिवस एवढे केले तरी पंचक्रोशीतल्या ज्वारीला गिऱ्हाईक मिळेल, आणि मुलांना घरची चव शाळेत भेटेल. त्याबरोबर ताईंचे मानधनही वाढले पाहिजे.

राज्याने २०२३ च्या अर्थसंकल्पात भरडधान्यांच्या ‘श्री अन्न अभियाना’साठी २०० कोटी रुपये जाहीर केले. अशा पैशाचा उपयोग बियाण्याची पाकिटे आणि मेळावे यांपेक्षा खरेदी केंद्र, बारदाना, तालुक्याला एक चांगली साफसफाईची यंत्रणा आणि छोटी गोदामे यांवर झाला, तरच तो ज्वारीपर्यंत पोचेल.

२६ जानेवारीची ग्रामसभा ज्वारीच्या काढणीच्या तोंडावरच येते. तुमच्या गावात ज्वारी होत असेल, तर त्या दिवशी दोन ठराव मांडा: खरेदी केंद्र फेब्रुवारी संपण्याआधी उघडावे, आणि आमच्या रेशन दुकानात व शाळेत याच तालुक्याची ज्वारी द्यावी. ठरावाची प्रत तहसीलदारांना आणि जिल्हा पुरवठा अधिकाऱ्यांना द्या, पोच घ्या, आणि मार्चमध्ये ती पोच घेऊन पुन्हा जा.