कोंड्याचा मांडा सगळ्यांना सोसत नाही

सकाळी कात्रजच्या तलावाकडे चालायला गेलेली मंडळी परतताना रसाच्या गाडीशी थांबतात. दुधी, आवळा, कारलं, गव्हांकुर, जे हवं ते. गाडीवाला दुधीच्या फोडी मिक्सरला लावतो, गाळणीत ओततो, चमच्याने दाबून दाबून पिळतो. हिरवं पाणी ग्लासात येतं, चोथा बादलीत जातो. परवा तिथे एक आजोबा सोबत्याला सांगत होते, "डॉक्टरांनी फायबर वाढवायला सांगितलंय हो, म्हणून रोज हा रस." ज्याच्यासाठी ते आले होते, त्यातलं बरंचसं त्यांच्यासमोर बादलीत पडलं होतं.

आजोबांना बोल लावायचं कारण नाही. त्यांना "फायबर वाढवा" एवढंच सांगितलं गेलं. कुठलं, किती, कसं, हे कुणी सांगितलंच नाही. धडधाकट पोटाला एवढ्या सल्ल्यावर चालून जातं. नाजूक कोठ्याला हाच अर्धवट सल्ला छळतो.

माझ्या आईचं तेच झालं. तिचा कोठा पहिल्यापासून हळवा. कधी तीन दिवस गच्च, कधी सकाळीच चार खेपा. एका आहारतज्ज्ञांनी कागदावर लिहून दिलं: जास्तीचा कोंडा घातलेली पोळी, दोन्ही वेळा कच्ची कोशिंबीर, सालाबियांसकट पेरू, मोडाची मटकी. आईने ते व्रतासारखं पाळलं. दहाव्या दिवशी पोटाला हात लावू देईना. "अगं, पोट साफ व्हायला दिलं होतं ना हे? पोटाचा नगारा झालाय नुसता!" आणि आपलंच काही चुकत असेल म्हणून तिने कोंडा आणखी एक चमचा वाढवला होता.

चूक तिची नव्हती. फायबर या एका शब्दाखाली दोन निराळ्या स्वभावाच्या गोष्टी आहेत आणि आपण दोघींना एकाच नावाने हाक मारतो. घरी करून बघा. दोन ग्लास पाणी घ्या. एकात चमचाभर इसबगोल टाका, दुसऱ्यात चमचाभर गव्हाचा कोंडा. दहा मिनिटांनी पहिल्या ग्लासात चमचा फिरवला तर अडतो. पाण्याची खळ झालेली असते, थरथरणारी, बुळबुळीत. दुसऱ्यात कोंड्याचे कण भिजून फुगलेले दिसतात, पण कण कणच राहतात आणि पाणी पाणीच.

पहिलं विद्राव्य, दुसरं अविद्राव्य. पहिलं आतड्यात पाणी धरून ठेवतं, म्हणून खडा झालेला मळ मऊ होतो आणि पातळ झालेला आवळून येतो. दोन्हीकडून सांभाळणारं दुसरं काही चटकन आठवत नाही. दुसरं आतड्याच्या अस्तराला घासत पुढे सरकतं. त्या घासण्याने अस्तरातून पाणी नि चिकट स्राव सुटतो, गाडी लवकर पुढे जाते. सुस्त आतड्याला हा धक्का हवाच असतो. ज्यांचं आतडं मुळात जरा स्पर्श झाला तरी कळवळतं, त्यांना तोच धक्का मुरडा होऊन लागतो.

हे माझ्या मनचं नाही. नेदरलँड्समध्ये अशा चिडक्या आतड्याच्या २७५ रुग्णांवर झालेला अभ्यास २००९ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. एका गटाला रोज १० ग्रॅम इसबगोल, दुसऱ्याला १० ग्रॅम कोंडा, तिसऱ्याला नुसती तांदळाची पिठी, असं १२ आठवडे. इसबगोलवाल्यांना उतार पडला. कोंडावाल्यांतून सर्वांत जास्त जण मधेच बाहेर पडले, बहुतेक त्रास वाढला म्हणून. त्याआधी १९९४ मध्ये मँचेस्टरच्या डॉक्टरांनी आपल्या रुग्णांना विचारलं, तर ५५ टक्के म्हणाले की कोंड्याने आमचं बिघडलं, आणि जेमतेम १० टक्के म्हणाले बरं वाटलं. तीस वर्षं होऊन गेली. कोंडा अजून चिठ्ठीवर आहेच.

तो चिठ्ठीवर आला कुठून? डेनिस बर्किट नावाचे आयरिश सर्जन युगांडात होते. तिथल्या खेड्यांतल्या माणसांचं चोथेदार जेवण आणि युरोपातल्या पांढऱ्या पावावर वाढलेल्यांची दुखणी, यांचा संबंध त्यांनी १९७० च्या दशकात जगापुढे मांडला. पाव खाणाऱ्यांसाठी तो सल्ला मोलाचाच होता. आपण मात्र तो जसाच्या तसा उचलून भाकरी खाणाऱ्यांच्या ताटात वाढला.

आपल्या पिठात चोथ्याला तोटा नाही हो! राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७ चे तक्ते उघडून बघा. शंभर ग्रॅम गव्हाच्या आट्यात सुमारे ११ ग्रॅम तंतू, ज्वारीत सुमारे १०, बाजरी-नाचणीत ११ च्या आसपास. आणि त्यातला विद्राव्य भाग जेमतेम दीड ते सव्वादोन ग्रॅम. बाकी सगळा अविद्राव्य. "ज्वारी हलकी" असं आपण म्हणतो ते अनुभवाने खरं आहे, पण चोथा कमी असतो म्हणून नव्हे. गव्हात फ्रुक्टन नावाची शर्करासाखळी असते, ती मोठ्या आतड्यात आंबते आणि गॅस धरतो. ज्वारीत ती फार कमी.

आता पाकिटं. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमाने शंभर ग्रॅममध्ये ६ ग्रॅम तंतू असले की पाकिटावर "हाय फायबर" लिहिता येतं. म्हणजे कोपऱ्यावरच्या गिरणीतून डब्यात आलेलं न चाळलेलं पीठ आधीच हाय फायबर आहे! जादा पैसे मोजून बिस्किटात ते शोधायची गरज काय? आणि पाकिटावर आकडा छापला तरी बहुधा एकच असतो. त्यातलं विद्राव्य किती, हे ज्याला कळायलाच हवं त्यालाच कळत नाही. तो दुसरा आकडा पाकिटावर आला पाहिजे, ही माझी साधी मागणी आहे.

विद्राव्य म्हणजे सगळं सोसणारंच, असंही धरून चालू नका. कांदा-लसणातलं फ्रुक्टनही विद्राव्यच, पण ते भराभर आंबतं. रविवारी कात्रजच्या घाटाकडे मिसळ खाऊन आल्यावर पोट तडतडलं की आपण तर्रीला शिव्या देतो. तिखटाचा वाटा असतोच. पण मोडाची मटकी आणि वर मूठभर कच्चा कांदा, हे दोघेही हळव्या पोटात हवा भरायला पुरेसे आहेत.

मग खायचं काय? उत्तर आपल्याच माजघरात होतं. आजारातून उठलेल्याला मऊ भात-मेतकूट, सालीशिवायच्या मुगाची खिचडी, दुधी नि लाल भोपळ्याची शिजवून गाळ झालेली भाजी, शिजवलेलं गाजर, पिकलेलं केळं. भेंडीचा बुळबुळीतपणा आपण तव्यावर परतून परतून घालवतो. ती बुळबुळ म्हणजेच विद्राव्य तंतू. रात्री भिजवलेल्या मेथीदाण्यांची सकाळी होणारी चिकटी तीच. आज्यांना फ्रुक्टन ठाऊक नव्हतं, पण कुठल्या पोटाला कधी साल काढून द्यायची, एवढं चोख ठाऊक होतं.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना दिवसाला किमान २५ ग्रॅम तंतू सांगते. हळव्या कोठ्याने तिथे एका आठवड्यात पोचायची घाई करू नये. इसबगोल अर्ध्या चमच्याने सुरू करावा, मोठा ग्लासभर पाण्यात ढवळून लगेच प्यावा, वर आणखी पाणी प्यावं. कोरडा तोंडात टाकू नये, घशात अडकतो. ज्यांना गिळायला त्रास आहे त्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. रोजच्या गोळ्या आणि इसबगोल यांत दोनेक तासांचं अंतर असावं. आणि शौचातून रक्त, आपोआप घटणारं वजन, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब किंवा पन्नाशीनंतर अचानक बदललेली सवय, यांतलं काही असेल तर चोथ्याचा हिशोब बाजूला ठेवून आधी तपासणी.

मी एवढी कळवळून लिहिते, कारण हा त्रास लोक बोलत नाहीत. कात्रजहून स्वारगेटच्या बसमध्ये चढताना, चौकात किती वेळ अडकू आणि वाटेत उतरायची वेळ आली तर जायचं कुठे, याचा हिशोब मनात करणारी माणसं रोज आपल्या शेजारी बसलेली असतात. आई तर लग्नकार्याला जायचं असलं की आदल्या रात्रीपासून उपाशी राहायची.

आता ती ज्वारीचं पीठ बारीक वस्त्रगाळ करून घेते आणि पातळशी भाकरी थापते. कोशिंबिरीऐवजी वाफवलेलं गाजर. परवा मंडईतून पेरू आणले, तर म्हणाली, "मला पण एक फोड दे, बघू तरी." साल काढली, बियांचा गर चमच्याने खरवडला आणि उरलेली फोड तिच्या हातावर ठेवली.