एका पोटाची दोन टेबलं

फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डला सहकुटुंब जाणाऱ्यांसाठी हे मार्गदर्शन आहे. यातलं बरंचसं ज्ञान मला आमच्या साडूंकडून, त्यांच्या नव्हे तर माझ्या इच्छेविरुद्ध मिळालेलं आहे. साडू न्यू जर्सीत राहतात, आणि त्यांची एक्सेल शीट त्यांच्याबरोबर राहते.

नियम पहिला : मुहूर्त चुकवू नये. तिथली टेबलं 60 दिवस आधी, सकाळी सहाच्या सुमारास खुली होतात. डिस्नेच्याच हॉटेलात उतरणाऱ्यांना त्या एका दिवशी मुक्कामाच्या 10 दिवसांपर्यंतचं बुकिंग उरकता येतं. म्हणजे सहाव्या दिवसाचं टेबल तुम्हाला 65 दिवस आधी धरता येतं, जे बाहेर उतरणाऱ्या बिचाऱ्यांना अजून दिसतही नाही. तेव्हा सिंड्रेलाच्या महालातलं जेवण कायम मुक्कामाच्या शेवटाकडे ढकलावं. हे संशोधन साडूंचं. माझ्याकडे त्या सकाळी एकच काम होतं, सहाला उठून ‘उठलो’ असा मेसेज करायचं. तो मी पावणेआठला केला.

नियम दुसरा : एका जेवणाला दोन टेबलं धरावीत, पण एका नावावर धरू नयेत. एकाच माणसाला एकाच वेळी दोन ठिकाणी भूक लागते, हे यंत्रणेला सहसा पटत नाही. म्हणून पहिलं टेबल स्वतःच्या नावावर, दुसरं बायकोच्या. त्यानुसार मंगळवारी संध्याकाळी साडेसहाला साडू मॅजिक किंगडममधल्या ‘बी अवर गेस्ट’च्या राजवाड्यात जेवणार होते. त्याच साडेसहाला त्यांची पत्नी एपकॉटमधल्या ‘स्पेस 220’मध्ये, लिफ्टच्या दाव्यानुसार पृथ्वीपासून 220 मैल उंचीवर, जेवणार होती. एवढा सुखी संसार इतका दुभंगलेला मी फक्त ॲपवर पाहिला.

हे अनैतिक वाटत असेल, तर तुम्ही एसटीच्या खिडकीतून कधी रुमाल टाकलेला नाही. सीट धरण्याचं ते शास्त्र आपल्या रक्तात आहे. पण एका माणसाचा रुमाल एका सीटवर, ही त्यातली सभ्यता. साडू डावीकडच्या सीटवर रुमाल आणि उजवीकडच्या सीटवर टोपी टाकतात, आणि मग ऊन कुठल्या बाजूने येईल याचा विचार करत मधल्या वाटेत उभे राहतात. मागे कुणीतरी लेकराला कडेवर घेऊन ताटकळत असतं. इथे ते कुणीतरी दिसत नाही, एवढाच फरक. कुठल्यातरी हॉटेलच्या खोलीत बसून ते ॲप पुन्हापुन्हा चाळत असतं.

नियम तिसरा, आणि खरा शिष्टाचार हाच : रुमाल वेळेवर उचलावा. बहुतेक ठिकाणी 2 तास आधीपर्यंत टेबल फुकट रद्द करता येतं. न कळवता गेलाच नाहीत, तर माणशी 10 डॉलर. माझं मत विचाराल तर आदल्या रात्रीच सोडून द्यावं. पलीकडच्या आईलाही रात्री झोप लागायला हवी. आणि ज्यांना टेबल मिळालेलं नाही त्यांनी आदल्या संध्याकाळी, आणि मग बरोबर 2 तास आधी, ॲप उघडून बसावं. साडूंच्या जातीचे लोक नेमके तेव्हाच हात सैल सोडतात.

आमच्या दोन टेबलांपैकी एक रद्द करण्याची जबाबदारी माझ्यावर होती. मी तेव्हा रांगेत, खांद्यावर तीन पिशव्या आणि हातात भाचीचे मिकीचे कान घेऊन उभा होतो. फोन तिचे फोटो काढून काढून मेला होता. आम्ही सहा जण. शीटमध्ये 60 डॉलरची ती चौकट अजून लाल आहे.

नियम चौथा : दोन टेबलं आहेत हे मुलांना सांगू नये. कधीच.

नियम पाचवा : एका पार्कातून दुसऱ्या पार्कात जायला तासभर धरावा. नकाशावर ते चार बोटं दिसतं. चार बोटंच ती, पण राक्षसाची.

नियम सहावा : ज्येष्ठांना काय हवं ते विचारत बसू नये, कारण ते सांगत नाहीत. सासूबाई तीन दिवस “मला काहीही चालतं” म्हणत होत्या आणि फ्रेंच फ्राइज खात होत्या. घरून आणलेल्या दशम्या दुसऱ्या दिवशीच संपल्या होत्या. चौथ्या दिवशी साडू सगळ्यांना बसमध्ये कोंबून अ‍ॅनिमल किंगडम लॉजला घेऊन गेले. तिथल्या ‘साना’मध्ये वेगवेगळे नान आणि त्यांच्याबरोबर 9 तोंडीलावणी मिळतात. चिंचेची चटणी, कोथिंबिरीची चटणी, काकडीची कोशिंबीर, लसणाचं लोणचं. खिडकीबाहेर जिराफ चरत असतात.

मी सवयीने शीट उघडून या जेवणाचं दुसरं टेबल कुठे आहे ते शोधू लागलो. त्या ओळीत फक्त ‘आई’ लिहिलं होतं. शेजारची चौकट रिकामी होती.

सासूबाईंनी नान मोडला, नऊच्या नऊ वाट्यांत बुडवून पाहिला, आणि लोणच्याची वाटी पुढे सरकवली. “जावईबापू, हे घ्या. घरच्यासारखं नाहीये, पण घ्या.”

साडूंनी घेतलं. फोन त्यांनी टेबलावर उपडा ठेवला होता. तो दोनदा थरथरला, कुठेतरी एखादं टेबल मोकळं झालं असणार. ते जिराफाकडे बघत होते.