साडूंचे बर्फाचे टायर

नवी मुंबईत बर्फ पाहायचा असेल तर बेलापूरच्या दिवाळे गावातल्या मासळी बाजारात जावं. तिथे तो पापलेटांच्या खाली-वर असतो आणि त्यावरून गाडी हाकायची वेळ कुणावर येत नाही. तरीही खारघरच्या माझ्या साडूंनी बर्फात चालणारे टायर घ्यायचं मनावर घेतलं. साडूंनी काही मनावर घेतलं की त्यांना सोबत लागते. मेव्हणीबाई अशा वेळी हटकून कामात असतात, त्यामुळे मला जावं लागतं.

साडूंची गाडी म्हणजे पिकअप. पुढे पाच माणसं, मागे उघडा हौदा. त्या हौद्यातून आजवर सोसायटीचा गणपती, एक बिघडलेला फ्रिज आणि देवगडच्या आंब्याच्या पेट्या एवढीच काय ती वाहतूक झालेली. आता बेत होता डिसेंबरात मनाली आणि तिथून अटल बोगद्याने लाहौल गाठायचा. नऊ किलोमीटरचा, दहा हजार फुटांवरचा हा बोगदा २०२० साली उघडला, तेव्हापासून तो साडूंच्या डोक्यात होता.

तुर्भ्याच्या दुकानात साडू उकिडवे बसले आणि टायरची कड कुंडली वाचावी तशी वाचू लागले. २६५/६५ आर १७, ११२ एस. २६५ मिलीमीटर रुंदी, तिच्या ६५ टक्के उंची, १७ इंचांची रिम. ११२ म्हणजे एका टायरवर ११२० किलोपर्यंत भार चालतो आणि एस म्हणजे वेग ताशी १८०.

"भाऊ, त्याच्या निम्म्या वेगालाही आपल्याकडे चलान घरी येतं," मी म्हणालो. साडूंचं लक्षच नव्हतं. त्यांना 'एम प्लस एस' ही अक्षरं सापडली होती. मड आणि स्नो!

"साहेब, हाच घ्या. सगळे लोक हाच घेतात," दुकानदार म्हणाला.

"सगळे लोक बर्फात जातात?" मी विचारलं.

"नाही. सगळे लोक घेतात."

त्या अक्षरांची गोम अशी, की ती कंपनी स्वतःच छापते. नक्षीत मोकळी जागा पुरेशी असली की झालं, बर्फावर परीक्षा द्यायची गरज नाही. परीक्षा दिलेल्या टायरवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या पोटात हिमकण असं चित्र असतं. ठरवून दिलेल्या टायरपेक्षा बर्फावर निदान १० टक्के जास्त पकड दाखवली तर ते मिळतं. अमेरिकेतली मूळ परीक्षाही गाडी पुढे ओढण्याचीच, घाटात थांबण्याची नव्हे. पण काहीच परीक्षा न देणाऱ्यापेक्षा दहा टक्क्यांनी का होईना, पास झालेला बरा.

मग साडूंना खरेखुरे विंटर टायर हवेसे वाटू लागले. त्यांचं रबर मऊ असतं आणि नक्षीच्या प्रत्येक गोट्यावर सुरीने मारल्यासारख्या बारीक चिरा असतात, त्या बर्फाला धरतात. साधं रबर ७ अंशांच्या खाली कडक होऊ लागतं, हे मऊच राहतं. हा सात आकडा ऐकून मला सांताक्रूझची नोंद आठवली. तिथलं आजवरचं नीचांकी तापमान ७.४ अंश, २२ जानेवारी १९६२. म्हणजे हवामान खात्याच्या कागदोपत्री मुंबईची थंडी त्या टायरला चार दशांशांनी कमी पडली.

"फार नाही कमी पडली," साडू म्हणाले.

पण हे मऊ रबर मे महिन्यातल्या आपल्या डांबरावर घातलं तर दोन हंगामांत टायरचा गोटा होईल, हे दुकानदारानेच सांगितलं. स्वतःचा धंदा घालवणारा दुकानदार मी प्रथमच पाहिला. शेवटी राहिले ऑल टेरेन, म्हणजे दगड, चिखल, बर्फ सगळ्यात जाणारे आणि कशातच पहिले न येणारे. डांबरावर ते गुणगुणतात, ॲव्हरेज खातात. ओल्या रस्त्यावर गाडी थांबायला थोडी जास्त जागा लागते, आणि आपल्याकडे चार महिने रस्ता ओलाच असतो. ही शेवटची अडचण बर्फापेक्षा मोठी आहे, पण पावसासाठी टायर घेतले असं कुणी लग्नकार्यात सांगत नाही.

साडूंना माप वाढवून २८५ करायचं होतं, दिसायला भारदस्त म्हणून. मला ते पटेना. रस्त्यावरच्या थोड्याशा बर्फात रुंद टायर वरच तरंगतो, अरुंद टायर बर्फ कापून खालच्या रस्त्याला भिडतो. मनालीतले टॅक्सीवाले अल्टोच्या बारक्या चाकांना साखळी बांधून पर्यटकांच्या थोराड गाड्यांना मागे टाकतात ते उगीच नव्हे.

साडूंची खात्री पटवली ती एपीएमसीच्या फळबाजाराने. सफरचंदं घेऊन आलेला काश्मीरचा एक ट्रक तिथे रिकामा होत होता. साडूंनी ड्रायव्हरला विचारलं, "भाईसाब, बर्फ में कौन सा टायर अच्छा?" त्याने पुढच्या टायरला लाथ मारून दाखवली. निम्म्याहून जास्त झिजलेला. मग गाडीखालची पेटी उघडून फाटक्या ट्यूबच्या पट्टीने बांधलेली साखळी बाहेर ओढली. गंज आणि डिझेल लागून काळी पडलेली, कड्या एका बाजूने घासून चपट्या झालेल्या. "ये," तो म्हणाला आणि चहाला गेला.

साडूंनी ऑल टेरेन घेतले ते तीन शिखरांचेच, पण जुन्याच मापाचे. कडेवरचे तारखेचे चार आकडे त्यांनी स्वतः तपासले. त्यातले पहिले दोन आठवड्याचे आणि नंतरचे दोन वर्षाचे. साखळीही घेतली, पण फोर बाय फोर असताना ती कशाला, ही कुरबूर चालू होती. फोर बाय फोर गाडी सुटायला मदत करतं. थांबायला चार चाकांचे ब्रेक अल्टोलाही असतात.

रविवारी त्यांनी सोसायटीच्या पार्किंगमध्ये साखळी चढवून पाहिली. बनियन घामाने चिंब, हाताला वंगण, साखळी उलटी. वॉचमन बराच वेळ बघत उभा होता. "साहेब," तो म्हणाला, "चोरीची एवढी भीती वाटते तर मी आहे ना रात्री."

बर्फाला जाणाऱ्यांनी ही तालीम घरी जरूर करावी, शून्याखाली बोटं वळत नाहीत. फक्त ती भल्या पहाटे करावी, वॉचमन डुलक्या घेत असतो तेव्हा.