बिनखात्याच्या वायरी

ज्या गृहस्थाने घरी आलेल्या पार्सलाची दोरी आजवर कात्रीने कापलेली नाही, जो लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी टाचून त्यांच्या वह्या करतो, आणि ज्याच्या कपाटातील एक अखंड खण कधीच भंगारात गेलेल्या उपकरणांच्या चार्जरांनी व्यापलेला असतो, असा गृहस्थ जेव्हा आपल्या जुन्या मोटरसायकलला स्वहस्ते एलईडीचा दिवा बसविण्याचा संकल्प सोडतो, तेव्हा दिवा बसविणे हा केवळ उपचार ठरतो. खरा कारभार सुरू होतो तो मागे उरलेल्या वायरींचा. असे एक भाऊसाहेब प्रत्येक आळीत असतात. आमच्या आळीतले भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालेले असून, धनी कोण हे ठरल्याखेरीज गुंठाभर जमिनीचाही कागद बंद करावयाचा नाही, हा त्या खात्याचा संस्कार त्यांच्या अंगी इतका मुरला आहे की, ज्या वायरीला दुसरे टोक नाही तिच्याकडे ते बेवारस मिळकतीकडे पाहावे तशा साशंक मुद्रेने पाहतात.

दिवा त्यांनी नाना पेठेत चार दुकाने पालथी घालून आणला. जुना पस्तीस वॅटचा बल्ब रस्ता दाखविण्याऐवजी रस्त्याची केवळ कल्पना देत असे, ही त्यांची तक्रार रास्तच होती. बाजारात मिळणारा सुटा एलईडी बल्ब जुन्याच परावर्तकात कोंबून समोरच्याचे डोळे दिपविणाऱ्या लोकांविषयी त्यांना तिरस्कार असल्यामुळे त्यांनी अख्खा नवा दिवाच घेतला, आणि एका रविवारी सकाळी जिन्याखालच्या जागेत स्टूल टाकून, चष्मा कपाळावर सरकवून, जुन्या डूमचे स्क्रू वाटीत काढून ठेवले.

होंडा घराण्याच्या रिवाजाप्रमाणे हिरवी वायर अर्थची, निळी अप्परची आणि पांढरी डिप्परची. या तिघी नव्या दिव्याच्या कपलरात बिनबोभाट रुजू झाल्या. परंतु पार्किंगच्या चिमुकल्या बल्बाची तपकिरी वायर, तो बल्बच नव्या दिव्यात नसल्यामुळे, एका क्षणात पदच्युत झाली. तिच्यामागोमाग इंजिनाच्या कॉइलमधून थेट येणारी वायरही निकालात निघाली. कारण त्या प्रत्यावर्ती प्रवाहावर जुना बल्ब निमूटपणे जळत असला, तरी एलईडी मात्र गाडी सिग्नलला मंदावताच थरथरू लागते, आणि म्हणून बॅटरीपासून फ्यूज व रिले घालून स्वतंत्र पुरवठा आणावा लागला. एवढ्याने भागले असते. पण नव्या दिव्याने माहेराहून येताना आणखी दोन वायरी आणल्या होत्या: कडेच्या प्रकाशवलयाची पांढरी, आणि त्याच वलयाला इंडिकेटरचा पिवळा रंग देणारी पिवळी.

"कापून टाका की काका, टेप मारतो," शेजारच्या गॅरेजातील पोऱ्या म्हणाला.

"कापायला अक्कल लागत नाही रे बाळा. उद्या जुना दिवा परत लावायचा झाला, तर?"

जुना दिवा वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर गेला असून तो पुन्हा खाली उतरण्याची शक्यता भाऊसाहेबांच्या सौभाग्यवतींच्या हयातीत तरी नाही. परंतु मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ वाहनात मनमानी फेरफार करण्यास मनाई करते, हे भाऊसाहेबांस मुखोद्गत आहे, आणि मूळ वायरिंगला कात्री लागलेली नसल्यामुळे आपली गाडी तत्त्वतः मूळ स्थितीतच आहे, असा त्यांचा युक्तिवाद तयार असतो. तो कोणत्याही वाहन निरीक्षकापुढे कितपत टिकेल याविषयी मी मत देत नाही.

मात्र एका बाबतीत मी त्यांच्या बाजूने साक्ष देईन. उरलेल्या वायरींची दोन टोके एकत्र पिळून, त्यांवर काळ्या टेपचा एक वेढा मारून, तो सगळा गुंता दिव्याच्या पाठीमागे डूममध्ये कोंबण्याची जी पद्धत आपल्याकडे सर्वमान्य आहे, ती भाऊसाहेबांनी कधीही अंगीकारली नाही. टेपचा गोंद उन्हाळ्यात वितळतो, उघडे पडलेले जिवंत टोक चेसिसला लागते, आणि मग फ्यूज असला तर तो जातो व नसला तर वायरीचे आवरणच वितळते. शिवाय एलईडीच्या पाठीला उष्णता सोडण्यासाठी मोकळी हवा लागते, तिथेच चिंध्या भरल्या तर दिवा अकाली मंदावतो. भाऊसाहेबांनी प्रत्येक टोकावर निराळी स्लीव्ह चढविली, सुनेच्या हेअर ड्रायरने ती आवळून घेतली (सुनेला हे अद्याप ठाऊक नाही), पावसाचे पाणी आत उतरू नये म्हणून टोके अधोमुख ठेवली, आणि हँडल डावीउजवीकडे पुरते फिरवून, कोणतीही वायर ताणत वा चिरडत नाही याची खातरजमा केल्यावरच टाकीखाली जुडी बांधली.

इथेच ते थांबले असते, तर हे व्यक्तिचित्र लिहिण्याची पाळी आली नसती. परंतु रिकामी वायर पाहिली की तिला एखादी तैनाती द्यावी, ही प्रेरणा त्यांना अनावर होते. तपकिरी वायर वलयाच्या पांढरीला जोडली, ते उचितच झाले. विधवाविवाह घडवून आणणाऱ्या सुधारकाच्या समाधानाने ते त्या दिवशी दोन पोळ्या अधिक जेवले. मग त्यांची नजर पिवळीवर गेली. वायर एक, इंडिकेटर डावा आणि उजवा असे दोन. भाऊसाहेबांनी समन्यायी वृत्तीने ती दोघांनाही जोडली. परिणामी लक्ष्मी रोडवर डावीकडे वळण्याची इच्छा त्यांनी प्रकट करताच चारही इंडिकेटर आणि समोरचे वलय एकसमयावच्छेदेकरून लुकलुकू लागले. मागचा रिक्षावाला थांबला, पुढून येणारा स्कूटरवालाही थांबला, आणि हे गृहस्थ नेमके कोणत्या दिशेस जाणार याचा निर्णय लागेपर्यंत तुळशीबागेच्या तोंडाशी वाहतूक तहकूब राहिली. मध्ये दोन डायोड घातले असते, तर एका बाजूचा प्रवाह दुसरीकडे शिरला नसता, हे पोऱ्याने त्यांना सांगितले. परंतु पोऱ्याकडून सल्ला घेणे त्यांच्या श्रेणीस शोभण्यासारखे नसल्यामुळे त्यांनी पिवळीला सन्मानपूर्वक निवृत्त केले.

१ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचे दिवे इंजिनाबरोबर आपोआप लागू लागले आणि हँडलवरची दिव्याची कळच गेली, तेव्हा त्या कळीच्या वायरींचे कंपनीने काय केले असेल, या चिंतेत ते पुष्कळ दिवस होते.

गेल्या महिन्यात गाडी विकावयाची ठरली. गिऱ्हाईक तरुण होते. टाकीखालची जुडी आणि तिला लोंबणारी 'प्रवाह चालू, उपयोग नाही' अशी सुवाच्य चिठ्ठी पाहून ते चरकले. भाऊसाहेबांनी वही उघडून प्रत्येक वायरीचा उगम, मार्ग आणि सद्यःस्थिती वाचून दाखविली.

"ते ठीक आहे, काका. पण वायरिंगमध्ये हात घातलाय म्हटल्यावर पाचशे तरी कमी करा."

"कमी?" भाऊसाहेब कडाडले. "अहो, दोन वायरी जास्तीच्या मिळताहेत तुम्हाला!"