चाकणच्या वाटेवरील आरमार

चिंचवडाहून चाकणास निघालेल्या मनुष्याने वाटखर्चाबरोबर एखादा व्यासंगही जवळ बाळगावा. कारण भोसरी मागे पडून मोशीच्या अलीकडे आपले वाहन एकदा कंटेनरांच्या रांगेत रुजू झाले, की अंतर किलोमीटरांत मोजण्याचा प्रघात आपोआप सुटतो. संग्रामदुर्गाचे अवशेष पाहण्याच्या निमित्ताने मी ज्या कारखान्याच्या बसमध्ये चढलो होतो, तीत माझे भाचेबुवा, जे हुद्द्याने खरेदी खात्यातील अंमलदार आहेत, मांडीवर लॅपटॉप उघडून बिनदिक्कत चाचेगिरी करीत होते.

2004 साली नव्या रूपात निघालेल्या 'सिड मायर्स पायरेट्स' या खेळातील कॅरिबियन समुद्रावर जहाज विकत घेण्याची सोयच नाही; ते दुसऱ्याचे असावे लागते आणि त्याच्याकडून हिसकावून घ्यावे लागते. निविदा मागविण्यात हयात चाललेल्या मनुष्यास ही पद्धत सुटसुटीत वाटावी, यात नवल नाही. जहाज हाती आले म्हणजे त्याची सुधारणा सुरू होते: तळास तांब्याचा पत्रा ठोकला की ते चपळाईने वळते, सुती शिडे चढविली की वेग घेते, आणि तिहेरी झोळ्या टांगल्या की तेवढ्याच जागेत अधिक खलाशी मावतात, ही शेवटची युक्ती भोसरीत कॉट-बेसिसवर राहणाऱ्या मंडळींनी कोणत्याही गव्हर्नराच्या मेहेरबानीवाचून केव्हाच अमलात आणली आहे. गोदीतील सुतार मात्र ही कामे सरसकट करून देत नाही. गोदी ज्या राष्ट्राची, त्या राष्ट्राच्या दरबारी आपला हुद्दा जसजसा चढेल, तसतशी एकेक सुधारणा खुली होते. पत्रा हवा जहाजास, आणि लायकी पाहायची मालकाची!

"मामा, आमच्याकडेसुद्धा व्हेंडर कोड मिळाल्याशिवाय पीओ निघत नाही," भाचेबुवांनी खुलासा केला.

त्यांची पसंती अर्थातच स्पॅनिश गॅलिअनवर होती, कारण तिच्यात माल भरपूर मावतो. परंतु या खेळात सगळा ताफा सर्वांत मंद जहाजाच्या चालीने चालतो, वारा बहुधा पूर्वेकडून वाहतो, आणि यांना जायचे होते पूर्वेसच, बार्बाडोसला! "तिला विकून टाक आणि ती चिमुकली पिनेस ठेव," मी सुचविले. "मामा, तिच्यात माल काय मावणार?" असा सवाल आला, तेव्हा मला सरखेल कान्होजी आंग्रे यांस साक्षीस बोलवावे लागले. आपल्या दर्यात आपल्या दस्तकावाचून कोणी व्यापार करू नये, एवढेच म्हणणाऱ्या या पुरुषास इंग्रज चाचा म्हणत. स्वतःचे परवाने ते कोणत्या पुण्यकर्मात मोजीत, ते त्यांनाच ठाऊक. आंग्र्यांचे गलबत फार तर सत्तर टनांचे. पण त्याला चाळीस-पन्नास वल्ही असत, आणि वारा पडला म्हणजे तेच तोफा लादलेल्या अवजड गुराबांस दोराने ओढीत नेऊन, जागीच खोळंबलेल्या शत्रूच्या पिछाडीस, जेथे त्याच्या बाजूच्या तोफांचा मारा पोहोचत नसे, तेथे उभे करी. कान्होजींच्या पश्चात 1735 साली संभाजी आंग्र्यांनी कंपनीचे 'डर्बी' हे भले मोठे जहाज पकडले, तेव्हा मुंबईकर इंग्रजांची झोप उडाली.

एवढ्यात दोन्ही बाजूंस दुधाच्या किटल्या लटकावलेली एक मोटारसायकल आमच्या बसच्या आणि शेजारच्या ट्रेलरच्या मधून, दोघांसही न शिवता, इंद्रायणीच्या पुलाकडे निघून गेली. भाचेबुवांनी तिच्याकडे क्षणभर पाहिले आणि गॅलिअन विकली. तरीही ताफा रेंगाळतच राहिला. शोधाअंती साखरेने भरलेले आणखी एक सुस्त व्यापारी जहाज मागे आढळले, पण ते विकण्यास मात्र खरेदी खाते राजी होईना.

यथावकाश कारखान्याचे फाटक आले. पहारेकऱ्याने लॅपटॉपचा क्रमांक वहीत उतरवून घेतला आणि विचारले, "साहेब, आणखी काही माल?"

"काही नाही," भाचेबुवा म्हणाले, आणि सात जहाजे, तोफा, मसाले व ती साखर एवढा ऐवज गेटपासाशिवाय आत गेला.