दहा वर्षांच्या पोराचं निस्तरताना

मिशिगनमधल्या ट्रॉय गावाचा त्या लाकडी घोड्याशी काही संबंध नाही. मराठी इंजिनिअरांशी मात्र आहे. डेट्रॉइटच्या मोटारधंद्यात पोट भरायला आलेली आपली पुष्कळ मंडळी याच भागात राहतात आणि सुट्टीच्या दिवशी इमानेइतबारे गवत कापतात. आमच्या गवताबद्दल शेजारी कुजबुजतात, कारण सुट्टीच्या दिवशी मी तळघरात बसून कुणा अनोळखी अमेरिकन पोराने साठ वर्षांपूर्वी चिकटवलेली फोर्ड सोडवत असतो.

पोराला मी दोष देत नाही. त्याला मोहच तसा घातला होता. मोह घालणारी एएमटी ही कंपनी १९४८ची. पूर्ण नाव अॅल्युमिनियम मॉडेल टॉइज. पुढे तिचा कारखाना आमच्या ट्रॉयमध्येच होता. सुरुवातीची गाडी खरोखर अॅल्युमिनियमची होती. मग सगळा कारभार प्लॅस्टिकवर गेला, आद्याक्षरं तेवढी राहिली. शोरूममध्ये आलेल्या गिऱ्हाइकाला भुलवायला छोट्या हुबेहूब गाड्या ही मंडळी करून देत. १९५८ साली त्याच गाड्या सुट्या भागांत, खोक्यात घालून विकायला काढल्या. किंमत दीड डॉलरच्या आसपास. प्रमाण पंचविसास एक, म्हणजे सव्वापाच मीटरची १९६३ची फोर्ड गॅलॅक्सी टेबलावर २१ सेंटिमीटरची होते. खोक्यावर ‘थ्री इन वन’ अशी जाहिरात: कारखान्यातून निघते तशी साधी, नटवलेली किंवा शर्यतीची, यातली हवी ती एक गाडी करा.

‘हवी ती एक’ हे दहा वर्षांच्या पोराला कोण सांगणार? माझ्याकडच्या गॅलॅक्सीच्या दारांवर शर्यतीचे नंबर होते, मागच्या चाकांवर नटव्या गाडीची झाकणं आहेत आणि शिवाय दोन्ही बाजूंना स्पॉटलाइट. हा ऐवज शर्यतीत उतरला असता तर पंचांनी पहिल्याच वळणावर हारतुरे घालून घरी पाठवला असता. रंग ब्रशने फासलेला, आणि छटा बघता तो आईच्या नेलपॉलिशचा असावा. पुढच्या काचेच्या कोपऱ्यात अंगठ्याचा ठसा आहे. काचेवर नव्हे, काचेत. नळीतला तो गोंद प्लॅस्टिकला नुसता चिकटत नाही, त्याला विरघळवतो. दोन भाग एकजीव होतात आणि मध्ये अंगठा आला तर त्याचीही कायमची नोंद होते. ठसा इतका स्वच्छ की पोलिसांनी आजही आरोपी हुडकून काढावा.

या गोंदाची आणखी एक हकिगत आहे. पोरं तो हुंगून झिंगायला लागली, तेव्हा १९६०च्या दशकाच्या अखेरीस टेस्टर्स कंपनीने त्यात मोहरीचा उग्र अर्क घातला. हुंगणाऱ्याच्या नाकात झणका. लोणच्याची मोहरी फेसताना आमच्या घरातली निम्मी माणसं अंगणात पळायची. त्याच झणक्याने अमेरिकेत असं समाजकार्य केलं हे आजीला कळायला हवं होतं.

असल्या गाड्यांना आमच्या या नादात ‘ग्लू बॉम्ब’ म्हणतात. बॉम्ब निकामी करायची सुरुवात फ्रीजरपासून होते. थंडीने जुना गोंद ठिसूळ होतो, मग सांध्यात पातळ पातं घालून हळूच दाबायचं. ‘टक्’ असा आवाज आला तर सांधा सुटला. ‘टर्रक’ आला तर देवाचं नाव घ्यायचं. आमच्या फ्रीजरमध्ये सध्या ओलं खोबरं, तुरीचे दाणे आणि गॅलॅक्सी हे शेजारी आहेत. गाडी पिशवीत हवी एवढीच बायकोची अट. रंग काढायला ब्रेक ऑइल. ते विषारी, म्हणून हातमोजे आणि झाकणाचं भांडं लागतं. श्रीखंडाचा रिकामा डबा त्याला फर्स्ट क्लास. डबा तळघरात कुलपात असतो, तरी आमच्या एका स्नेह्याने त्याची प्रेमाने चौकशी केलीच. बंपरचा क्रोम ब्लीचमध्ये बघता बघता उतरतो, कारण तो क्रोम नसतोच. निर्वात पेटीत प्लॅस्टिकवर चढवलेला अॅल्युमिनियमचा झिरझिरीत थर असतो. म्हणजे कंपनीच्या नावातलं अॅल्युमिनियम अगदीच गेलं नव्हतं.

सगळ्यात दगाबाज टायर. त्या काळच्या व्हिनाइलमध्ये मऊपणासाठी घातलेलं रसायन वर्षानुवर्षं झिरपत राहतं आणि चाकांचं प्लॅस्टिक खातं. टायर खोक्यात गाडीच्या टपावर पडून राहिला तर टपावर गोल खड्डा. मग लांबी भरा, वॉटर पेपरने घासा, पुन्हा भरा.

एवढं करण्यापेक्षा नवी का आणत नाही, असं लोक विचारतात. अशा बऱ्याच गाड्या नव्या मिळत नाहीत हो. दरवर्षी खऱ्या गाडीचं रूप बदलायचं, तसा कंपनी आपला साचाही बदलायची: त्याच पोलादात नवे दिवे, नवी शेपटी कोरायची. आजीच्या पाटल्या मोडून सुनेचं गंठण केलं की पाटल्या परत मागता येत नाहीत. त्यामुळे अशी एखादी गाडी हवी असेल तर कुठल्यातरी दहा वर्षांच्या पोराच्या तावडीतून सुटलेलीच शोधावी लागते. न उघडलेलं जुनं किट कधीमधी मिळतं, पण ते घेणारे लोक ते तसंच बंद ठेवतात. मोटार न जोडणारा हा मोटारप्रेमी मला अजून उमगलेला नाही.

गॅलॅक्सी मला एका गराज सेलमध्ये मिळाली. विकणारे आजोबा सत्तरी ओलांडलेले. मी घासाघीस सुरू करणार, तोच ते अभिमानाने म्हणाले, “मी केली होती. एका संध्याकाळी.” आरोपी असा समोर उभा! मी त्यांच्या अंगठ्याकडे पाहिलं आणि मागतील ते पैसे दिले. त्यांची ती एक संध्याकाळ निस्तरायला मला दोन हिवाळे पुरतील असं वाटत नाही. आणि गाडी झाली तरी त्यांच्याइतक्या ताठ मानेने मला ती कुणाला दाखवता येईल, याचीही शंका आहे. पुण्याहून आईने फोनवर सगळं ऐकून घेतलं. “अरे, लहानपणी चावीची मोटार घेऊन दिली होती की तुला,” म्हणाली. “तेव्हाच नीट खेळला असतास तर?”

दारांवरचे नंबर उतरले आहेत. ठशाची काच मात्र बदलायची नाही असं मी ठरवलंय; जाणकार नावं ठेवतील, ठेवोत. आता एकच अडचण आहे: मागचा बंपर नाही. तेव्हा, वाचकहो, अमेरिकेत कुणाच्या माळ्यावर १९६३च्या गॅलॅक्सीचं खोकं सापडलं, तर आधी टायर बाहेर काढून वेगळे ठेवा, आणि मग मला कळवा. काय किमतीला जातं ते मात्र आधी इंटरनेटवर बघू नका.