मालक व्हा, हप्त्याहप्त्याने

अमेरिकेत ट्रक ड्रायव्हरला मालक करून टाकायची कंपन्यांना भारी हौस. डाउन पेमेंट नको, पत बघत नाहीत; सही ठोका आणि चावी घ्या. ट्रक कंपनीच्या नावावर, भाडंही ती देईल तेच. डिझेल, टायर, विमा, दुरुस्ती मात्र ‘मालका’ची! आठवड्याच्या हिशेबात कपाती वजा जाता कधी आकडा उणे येतो. म्हणजे आठवडाभर स्टिअरिंग धरून वर देणं यांचंच. हप्ते फिटत आले की भाडी आटतात, अशी ड्रायव्हरांची तक्रार. (योगायोग असेल हो!) मग ट्रक परत आणि त्याच सीटवर नवा मालक. तिथल्या सरकारनेच नेमलेल्या कृतिगटाने जानेवारी २०२५ मध्ये संसदेला सांगितलं: हे करार बंदच करा.